दूरच्या वर्गाशी ओळख: प्राथमिक शिक्षकांसाठी पहिल्या वर्षाचे मार्गदर्शन

प्राथमिक शाळेतील मुलांचा बाहेरच्या जगाशी संबंध जोडायचा म्हटले की बहुतेक नव्या शिक्षकांच्या मनात प्रथम पडदा येतो: प्रोजेक्टर, व्हिडिओ कॉल आणि पलीकडून हात हलवणारी परदेशी मुले. असा कॉल मुलांना आवडतो यात शंका नाही. परंतु मागेपुढे काहीच नसताना तो एकदाच झाला, तर पंधरा दिवसांनी मुलांच्या लक्षात फार तर ते हात हलवणेच उरते. येथे सुचवलेली पद्धत उलट बाजूने जाते. एकच जोडीदार वर्ग निवडावा, त्याच्याशी वर्षभर थोडाच पण नियमित पत्रव्यवहार ठेवावा, दोन्हीकडच्या मुलांनी मिळून शोधावा असा एखादा प्रश्न हाती घ्यावा आणि प्रत्यक्ष बोलण्याचा कार्यक्रम बोलण्यासारखे काही साठल्यावरच करावा. सहा ते अकरा या वयोगटाला शिकवणाऱ्या आणि हे काम पूर्वी कधी न केलेल्या शिक्षकांसाठी त्याच्या पायऱ्या पुढे दिल्या आहेत.

आधी वर्गात आलेले जग शोधावे

जोडीदार मिळेपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. मुलांना घरातील कपडे, खेळणी, भांडी, विजेची उपकरणे यांवरील ‘कोठे तयार झाले’ हा मजकूर वाचून आणायला सांगावे, देशांची नावे फळ्यावर लिहावीत आणि ती ठिकाणे पृथ्वीगोलावर शोधावीत. मोठ्या वर्गात याच यादीवर पुढचा प्रश्न विचारता येतो: वस्तूवर लिहिलेला देश हा बहुधा तिची शेवटची जुळणी जेथे झाली तो देश असतो, मग तिच्यातील कापूस, धातू किंवा सुटे भाग कोठून आले असतील? वर्गातील ज्या कुटुंबांत कोणी दुसऱ्या गावातून, प्रांतातून किंवा देशातून आले असेल, त्यांना संमतीने वर्गात बोलवावे. त्यांचे अर्ध्या तासाचे बोलणे पाठ्यपुस्तकातील एखाद्या पाठापेक्षा मुलांना अधिक काळ आठवते.

भिंतीवरच्या नकाशाआधी पृथ्वीगोल वापरावा, असा माझा आग्रह आहे. अनेक वर्गांत टांगलेल्या मर्केटर प्रक्षेपणाच्या, म्हणजे ध्रुवांकडचे प्रदेश फुगवून दाखवणाऱ्या नकाशात ग्रीनलँड आणि आफ्रिका जवळपास सारखेच दिसतात. वस्तुतः आफ्रिका क्षेत्रफळाने सुमारे चौदा पट मोठा आहे. मुलांच्या मनात बसलेला आकार नंतर सहजासहजी हलत नाही.

लहान वयात ‘देश’ ही कल्पना आपल्याला वाटते तितकी सोपी नसते, हेही येथे ध्यानात ठेवावे. मानसशास्त्रज्ञ जीन पियाजे यांनी जिनिव्हातील मुलांशी केलेल्या संभाषणांत (ती १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली) सात-आठ वर्षांखालील अनेक मुले असे सांगत की माणूस एकाच वेळी जिनिव्हाचा आणि स्वित्झर्लंडचा असू शकत नाही. गाव देशात सामावते आणि देश खंडात, ही एकात एक बसणारी रचना त्या वयात अजून पक्की झालेली नसते. म्हणून पहिली-दुसरीच्या मुलांना राजधान्या, झेंडे, खंडांची नावे यांत अडकवू नये. ‘तिकडच्या मुलांच्या खिडकीतून काय दिसते’ हा प्रश्न त्यांना समजतो आणि पुरतो. तिसरीनंतर नकाशा आपोआप मागितला जातो.

जोडीदार वर्ग निवडणे

ओळखीतून मिळालेला जोडीदार सर्वांत टिकाऊ असतो: दुसऱ्या देशात शिकवणारा जुना सहकारी, शिक्षक प्रशिक्षणात भेटलेली व्यक्ती, पालकांपैकी कोणाच्या नात्यातील शिक्षक. तसे कोणी नसेल तर शाळांना जोडणारी जाळी आहेत. ‘आयअर्न’ हे जाळे १९८८ पासून अनेक देशांतील वर्गांमध्ये प्रकल्प चालवत आहे. युरोपीय शाळांसाठी २००५ मध्ये ‘ई-ट्विनिंग’ सुरू झाले. हवामान, पाणी, माती यांच्या निरीक्षणांत रस असेल तर १९९५ पासून जगभर चाललेल्या ‘ग्लोब’ उपक्रमात शाळांना मोजमापाच्या ठरलेल्या पद्धती मिळतात, आणि एका वर्गाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. कोठूनही नाव मिळाले तरी समोरची शाळा खरोखर अस्तित्वात आहे याची खात्री करावी. शाळेच्या अधिकृत पत्त्यावरून आलेला ईमेल, मुख्याध्यापकांचे पत्र आणि दोन्ही शिक्षकांचे एकदा प्रत्यक्ष बोलणे एवढे झाल्याशिवाय मुलांचा एक कागदही पाठवू नये.

त्या पहिल्या बोलण्यात काही गोष्टी स्पष्ट ठरवून लिहून ठेवाव्यात: मुलांची संख्या आणि वय, भाषा, पत्रे किती दिवसांनी जातील आणि सुट्ट्या केव्हा आहेत. सुट्ट्यांच्या मुद्द्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. जपानमध्ये शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, युरोपातील बऱ्याच देशांत सप्टेंबरच्या आसपास आणि ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत; त्यामुळे आपला उत्साह ऐन भरात असताना पलीकडचा वर्ग परीक्षेत किंवा सुट्टीत असण्याची शक्यता मोठी असते. दोन्ही दिनदर्शिका एकमेकींशेजारी मांडून दोघांच्याही शाळा चालू असलेले आठवडे आधीच रंगवून ठेवावेत. बहुधा ते अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघतात आणि वर्षाची आखणी त्यांवरच करावी लागते.

संमती आणि खबरदारी

ही पायरी कंटाळवाणी असली तरी वगळता येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत: तेराव्या कलमात सीमांची अडवणूक न होता माहिती मिळवण्याचा आणि देण्याचा मुलांचा हक्क, आणि सोळाव्यात त्यांच्या खाजगीपणाचे संरक्षण. शिक्षकाला दोन्ही एकदम सांभाळायचे असतात. ऑनलाइन सेवांबाबत कायदे देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेचा १९९८ चा कायदा तेरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची संमती मागतो. युरोपीय संघाचा २०१८ पासून लागू झालेला नियम सोळा ही मर्यादा धरतो आणि सदस्य देशांना ती तेरापर्यंत खाली आणू देतो. भारताच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. आकडे कोणतेही असोत, प्राथमिक शाळेतील मूल यांपैकी प्रत्येक मर्यादेच्या खालीच येते. व्यवहारात याचा अर्थ असा की मुलांच्या नावाने कोणतेही खाते उघडू नये. खाते एकच असावे, ते शाळेच्या नावाचे असावे, आणि त्यातून जाणारे व त्यात येणारे सारे प्रथम शिक्षकाने वाचावे.

पालकांना पाठवायचे संमतीपत्र मोघम नको. ‘शैक्षणिक उपक्रमासाठी संमती आहे’ या एका ओळीने काहीच कळत नाही. पत्र, चित्र, आवाज, छायाचित्र आणि थेट कॉल यांसाठी वेगवेगळी चौकट असावी, म्हणजे चित्राला हो आणि छायाचित्राला नाही असे पालकांना म्हणता येईल. संमती न मिळालेल्या मुलाला बाजूला बसवण्याची वेळ येऊ नये. नकाशा रंगवणे, मोजमापे नोंदवणे, प्रश्न तयार करणे ही कामे त्यालाही पूर्णपणे करता येतात. पत्रांत केवळ पहिले नाव असावे. आडनाव, घरचा पत्ता, घरी जाण्याची वाट आणि वेळ हे तपशील नसावेत. मोबाइलवर काढलेल्या छायाचित्रात ते जेथे काढले त्या जागेचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात, म्हणून कॅमेऱ्याची स्थाननोंद आधीच बंद करावी.

पहिले पत्र

दूरच्या वर्गाशी पत्रव्यवहार ही जुनी आणि पारखलेली पद्धत आहे. फ्रान्समधील खेड्यात शिकवणारे सेलेस्तँ फ्रेने यांनी १९२० च्या दशकात वर्गातच लहानसा छापखाना आणला, मुलांनी स्वतः लिहिलेला मजकूर मुलांकडूनच जुळवून छापून घेतला आणि तो दूरच्या दुसऱ्या शाळेला पाठवण्यास सुरुवात केली. पत्र शिक्षकाला तपासायला देण्यासाठी नसून खरोखरच्या वाचकाला जाणार आहे हे कळले की मूल अक्षरही नीट काढते आणि वाक्यही पुन्हा वाचते, हे त्यामागचे मर्म आजही तसेच लागू पडते.

अडचण अशी की मोकळे सोडल्यास तीस मुले एकच पत्र तीस वेळा लिहितात: नाव, वय, आवडता रंग, आवडता प्राणी. त्याला उत्तरही तसेच येते आणि दुसऱ्या पत्रापर्यंत विषय संपतो. त्याऐवजी प्रत्येक मुलाला वेगळे काम द्यावे. एकाने शाळेत येताना ऐकू येणारे आवाज लिहावेत, दुसऱ्याने मैदानावरील एका झाडाचे वर्णन करावे, तिसऱ्याने मधल्या सुट्टीतील एका खेळाचे नियम असे लिहावेत की ते वाचून पलीकडच्या मुलांना तो खेळता यावा. हे शेवटचे काम दिसते त्याहून कितीतरी कठीण आहे, कारण आपल्याला जे ठाऊकच आहे ते समोरच्याला ठाऊक नाही, ही जाणीव त्यात पावलोपावली ठेवावी लागते. पत्राच्या शेवटी एकच प्रश्न असावा, आणि तो असा असावा की उत्तर देण्यासाठी पलीकडच्या मुलाला बाहेर जाऊन काही पाहावे किंवा कोणाला तरी विचारावे लागेल.

भाषा वेगळी असेल तर मूल स्वतःच्या भाषेतच लिहू दे. अनुवाद सोबत जोडावा. यंत्रानुवाद वापरताना वाक्ये लहान ठेवावीत, म्हणी व लाडके शब्द टाळावेत, आणि अनुवादित मजकूर उलटा मूळ भाषेत आणून एकदा वाचावा. अर्थ कोठे घसरला ते त्यातून बरेचदा दिसते. मूळ हस्ताक्षर मात्र पाठवावेच, कारण अनोळखी लिपी पाहून ती गिरवण्याचा मोह कोणत्याच मुलाला आवरत नाही.

शक्य असेल तेथे किमान एकदा टपालाने पाठवावे. १८७४ मध्ये बर्न येथे झालेल्या करारातून आजची जागतिक टपाल संघटना उभी राहिली, आणि एका देशाचे तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशाच्या टपालाने घरोघरी पोहोचवणे त्यामुळे सोपे झाले. त्या कराराच्या स्मरणार्थ ९ ऑक्टोबर हा जागतिक टपाल दिन पाळला जातो. वर्गाला निमित्त हवेच असेल तर तो दिवस चांगला. हीच संघटना नऊ ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी दरवर्षी आंतरराष्ट्रीय पत्रलेखन स्पर्धा घेते, त्यामुळे मोठ्या वर्गातील मुलांना ती वाटही खुली आहे. सर्व पत्रे एकाच पाकिटात, शाळेच्या पत्त्यावर पाठवावीत. पाकिटात कागदाखेरीज वस्तू असेल तर सीमाशुल्काचे घोषणापत्र भरावे लागते. बिया, माती, वाळलेली पाने, खाद्यपदार्थ मात्र पाठवू नयेत. वनस्पतींचे रोग व कीड रोखण्यासाठी अनेक देश असे टपाल अडवून नष्ट करतात. पानाऐवजी पानाचा ठसा किंवा चित्र पाठवावे.

दोघांनी मिळून शोधायचा प्रश्न

दोन-तीन पत्रांनंतर ओळख होते, आणि नेमक्या त्याच टप्प्यावर पत्रव्यवहार सुकू लागतो. येथे एखादे समाईक काम हवे. लहान वर्गांसाठी सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळा दर आठवड्याला एकमेकांना कळवणे पुरेसे आहे. मार्च व सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास दोन्हीकडचा दिवस जवळपास सारखा येतो, आणि जोडीदार दुसऱ्या गोलार्धात असेल तर जूनमध्ये एकाचा दिवस वाढलेला व दुसऱ्याचा घटलेला दिसतो. दोन रंगांच्या पट्ट्या भिंतीवर चिकटवत गेल्या की ऋतू सगळीकडे एकच नसतात, हे सांगावे लागत नाही.

चौथी-पाचवीसाठी याहून चांगला प्रयोग आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनिस या विद्वानाने सावलीच्या आधारे पृथ्वीचा घेर काढला होता. इजिप्तमधील आजच्या आस्वान येथे एका ठराविक दिवशी मध्यान्ही सूर्य माथ्यावर येतो, त्याच वेळी उत्तरेकडील अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका कललेला असतो. म्हणून त्या दोन शहरांतील अंतराच्या पन्नासपट पृथ्वीचा घेर असला पाहिजे, असे त्याने मांडले. दोन वर्गांना हे पुन्हा करता येते. दोन्हीकडे एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. घड्याळातील बारा वाजण्यावर विसंबू नये. त्याच्या आधी सुमारे तासभर मोजणी सुरू करून दर पाच मिनिटांनी सावलीचे टोक खडूने टिपावे आणि सावली पुन्हा स्पष्टपणे लांबू लागेपर्यंत थांबू नये. त्यांतील सर्वांत लहान सावली ही त्या ठिकाणच्या मध्यान्हीची. मग कागदावर एक मीटरसाठी दहा सेंटिमीटर असे प्रमाण धरून काठी व सावली काटकोनात काढावी, टोके जोडावीत आणि वरच्या टोकाशी झालेला कोन कोनमापकाने मोजावा. येथे त्रिकोणमिती लागत नाही.

समजा, एका शाळेत सावली ३६ सेंटिमीटर आली, तर कोन सुमारे २० अंश भरतो. दुसरीत ५८ सेंटिमीटर आली, तर सुमारे ३० अंश. फरक १० अंशांचा, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा छत्तिसावा भाग. दोन शाळांमधील दक्षिणोत्तर अंतर १,११० किलोमीटर असेल, तर त्याची छत्तीसपट ३९,९६० किलोमीटर. ध्रुवांवरून मोजलेला पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००८ किलोमीटर आहे. प्रत्यक्षात उत्तर इतके जवळ येईलच असे नाही, कारण दहा अंशांच्या फरकात एका अंशाची चूक झाली तरी घेर जवळपास दहा टक्क्यांनी हलतो. म्हणून दोन शाळा दक्षिणोत्तर दिशेने जितक्या दूर तितके बरे. शाळा एकाच रेखांशावर असण्याची गरज नाही. तारीख एकच असावी, आपापले मध्यान्ह धरावे आणि अंतर मात्र सरळ न घेता दक्षिणोत्तरच घ्यावे. एका ठिकाणची मध्यान्ह सावली उत्तरेकडे आणि दुसरीकडची दक्षिणेकडे पडत असेल, तर दोन्ही कोनांची वजाबाकी न करता बेरीज करावी. ढग आले तर दुसरा दिवस आधीच ठरवलेला असू द्यावा. मुलांना मूळ आकर्षण वाटते ते एका गोष्टीचे: पलीकडून आकडा आल्याशिवाय आपल्या आकड्याचा काहीच उपयोग नाही.

प्रत्यक्ष बोलणे

कॉलची वेळ ठरवताना ती समन्वित वैश्विक वेळेत (यूटीसी, म्हणजे जगभरची घड्याळे जिच्या आधारे लावली जातात ती वेळ) लिहून मग दोघांनी आपापल्या घड्याळात बदलावी. काही देशांची घड्याळे तिच्यापासून पूर्ण तासांखेरीज आणखी अर्ध्या तासाने, नेपाळचे तर पाऊण तासाने सरकलेले आहे. शिवाय उन्हाळ्यात घड्याळ पुढे करणारे देश ते एकाच दिवशी करत नाहीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी करते, युरोप शेवटच्या रविवारी. त्या मधल्या आठवड्यांत तासाची गफलत हमखास होते. दोन्ही शाळांच्या वेळा जुळतच नसतील, तर ध्वनिमुद्रित प्रश्नोत्तरे पाठवणे हा कमी प्रतीचा मार्ग समजू नये. लाजऱ्या मुलांना तोच अधिक मानवतो.

कॉल वीस-पंचवीस मिनिटांचा पुरे. ध्वनी आदल्या दिवशी तपासावा, कारण चित्र अस्पष्ट असले तरी चालते, आवाज तुटला की सारे संपते. बोलणारे मूल कॅमेऱ्याजवळच्या एका खुर्चीत येऊन बसेल, प्रश्न कागदावर लिहिलेला असेल, आणि उत्तर टिपून घेण्याचे काम दुसऱ्या मुलाकडे असेल, अशी रचना करावी. अजून ओळखच नसलेल्या वर्गाशी बोलायचे असेल, तर केवळ ‘हो’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे मिळवून पलीकडचा वर्ग जगात कोठे आहे हे नकाशावर शोधण्याचा खेळ चांगला रंगतो.

प्रश्न आटोपशीर विचारण्याची खरी शिस्त आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाशी होणाऱ्या संवादात दिसते. ‘एरिस’ या उपक्रमातून निवड झालेल्या शाळांतील मुले हौशी रेडिओवरून अंतराळवीरांशी बोलतात. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील हे स्थानक साधारण दीड तासात एक फेरी पूर्ण करते, त्यामुळे थेट संपर्कात ते क्षितिजापासून क्षितिजापर्यंत जेमतेम दहा मिनिटे हाती लागते. मुले क्रमाने उभी असतात, प्रत्येक जण एक वाक्य विचारून ‘ओव्हर’ म्हणतो आणि बाजूला होतो. पहिल्याच वर्षी एवढी झेप घेऊ नये, परंतु ही पद्धत साध्या कॉललाही उपयोगी पडते.

अवघड प्रसंग

‘तुम्ही गरीब आहात का?’, ‘तुमच्याकडे असेच कपडे का घालतात?’ असे प्रश्न येतातच. कुतूहलाने विचारलेल्या प्रश्नासाठी मुलाला रागावू नये. प्रश्न पाठवण्याआधी ‘हाच प्रश्न कोणी तुला विचारला तर?’ एवढे विचारावे, बरीच मुले तो स्वतःच बदलतात. दुसरी सवय शिक्षकानेच लावायची असते: ‘तिथले लोक’ असे न म्हणता ‘त्या वर्गातील मुले’ म्हणावे. तीस मुलांचा एक वर्ग म्हणजे अख्खा देश नव्हे.

भेटवस्तू आणि मदत यांबाबत माझे मत कडक आहे. एका शाळेकडे संगणक कक्ष आणि दुसरीकडे एकच मोबाइल, अशी जोडी असू शकते. परंतु एकाने वस्तू पाठवायच्या आणि दुसऱ्याने आभार मानायचे असे सुरू झाले की मैत्री संपते आणि मुलांना ते मोठ्यांच्या आधी कळते. दोन्हीकडून सारख्याच गोष्टी जाव्यात: कागद, चित्रे, आकडे, आवाज.

पलीकडून उत्तर येणे थांबले, तर आधी दिनदर्शिका पाहावी, मग शिक्षकाला दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवावे. शिक्षकाची बदली हे नेहमीचे कारण असते, म्हणून सुरुवातीलाच दोन्ही शाळांतील आणखी एका व्यक्तीचा संपर्क घेऊन ठेवावा. महिनाभर काहीच आले नाही तर मुलांना तसे सांगावे. खोटी पत्रे रचून त्यांची समजूत घालण्याचा विचारही करू नये.

वर्ष संपताना निरोपाचे पत्र दोन्ही वर्गांच्या शेवटच्या आठवड्यांपूर्वी पोहोचेल अशा बेताने पाठवावे. आलेली पत्रे क्रमाने वहीत लावावीत आणि मोजमापांचा तक्ता सोबत ठेवावा. मुलांची छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे मात्र संमतीपत्रात दिलेल्या मुदतीनंतर दोन्हीकडून पुसून टाकावीत आणि तसे पालकांना कळवावे. मुले पुढच्या इयत्तेत जाणार असतील तर ती वही, जोडीदार शाळेच्या सुट्ट्या आणि खात्याची माहिती नव्या वर्गशिक्षकाच्या हाती द्यावी, व दोन्ही शिक्षकांची ओळख शक्यतो सुट्टी लागण्यापूर्वीच करून द्यावी.